खिशात झिजलेलं पोलाद

इंदूरहून तुम्ही पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा. आजोबांनी १९५८ साली घेतलेलं बत्तीस बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), दोन इंची नळीचं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर आज वडिलांच्या परवान्यावर आहे. वडील येत्या श्रावणात सत्तर पूर्ण करतील. ते तुमच्या नावावर करून घ्यायचं की देऊन टाकायचं, यावर घरात एकमत नाही. आईला तर ते डोळ्यांसमोरही नको. तुमची स्वतःची अडचण वेगळीच आहे. नेम साधायला लांब नळी बरी, हे तुम्हाला कळतं. मग या बुटक्या, जुन्या रिव्हॉल्व्हरांवर जाणकार माणसं एवढा जीव का लावतात? सोबत तुम्ही चार फोटो पाठवले आहेत. ते मी भिंग लावून पाहिले. त्यांच्याबद्दल शेवटी विचारायचंच आहे.

आधी मी कोण ते सांगतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या चार पिढ्या गेल्या. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे तळ ठोकला आणि वस्तीचं नावच लष्कर पडलं. पणजोबा संस्थानच्या सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, मिस्त्री होते, आजोबांनी दुरुस्तीचा परवाना काढला, आणि गेली ४४ वर्षं त्याच लाकडी बाकावर मी बसतो. चंबळच्या या मुलखात घरटी बंदूक म्हटलं तरी फार चुकायचं नाही. शेजारच्या शिवपुरीत २००८ साली नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचं लायसन लवकर देण्याची योजना प्रशासनानं काढली होती, यावरून इथल्या हौसेचा अंदाज करा. त्यामुळे माझ्या बाकावर बारा बोअरच्या दुनळ्या ढिगानं आल्या. आखूड नळीची रिव्हॉल्व्हरं मात्र मोजकीच, आणि त्यातलं एकूण एक मला आठवतं.

आठवतं, कारण ही हत्यारं झिजतात ती बाळगण्यानं, उडवण्यानं फार कमी. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे. बाकीचं त्याचं स्पष्टीकरण समजा.

वडिलांच्या देखत ते एकदा खिडकीच्या उजेडात आणा. आधी सिलिंडर बाहेर काढून गोळ्यांची सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा, मग करंगळीच्या टोकानं चाचपून पाहा. आता नळीच्या तोंडाची कड बघा. तिथला निळा-काळा रंग जाऊन पोलाद पांढरं पडलेलं असेल. सिलिंडरच्या फुगीर भागावर तसाच एक पट्टा असेल, मुठीच्या मागच्या पट्टीवर अंगठा आणि तळवा जिथे टेकतो तिथे तपकिरी छटा आली असेल. लाकडी मुठीवरचे चौकटी काप एका बाजूला बोथट झाले असतील. आता मागून पांढरा कागद धरून नळीतून पाहा. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, बहुधा कारखान्यातून निघाले तसे धारदार दिसतील. बाहेरून म्हातारं आणि आतून तरुण असं हे रूप शिकारी बंदुकीत सापडत नाही, सैनिकी रायफलीत तर नाहीच. वर्षानुवर्षं हे पोलाद एका माणसाच्या अंगाला घासत राहिलं आहे. रोज सकाळी तो माणूस ते घेऊन निघाला आणि रोज संध्याकाळी न वापरता परत आला. गोळी झाडायची वेळ न येता सरलेले हजारो दिवस त्या झिजेत आहेत. माझ्या लेखी या वस्तूची ओढ इथून सुरू होते.

जाणकार ही झीज वाचतात. उजव्या कमरेला लावलेल्या हत्याराची डावी बाजू अंगाकडे येते, म्हणून घामाचे बारीक काळे खड्डे डावीकडे पडतात आणि उजवी बाजू बाहेरच्या कापडानं घासून चकचकते. ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्याला एकाच कुशीवर डाग असतो. जीपमध्ये बसणाऱ्याची मूठ सीटला घासून खालच्या कोपऱ्यात गोल होते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याच लष्कर भागातल्या एक वयस्क काकू नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर जमा करण्याआधी साफ करून घ्यायला आल्या होत्या. मुठीचा खालचा डावा कोपरा गुळगुळीत होता. मी विचारलं, "काका टेबलावर बसून बरंच लिहायचे का? खुर्चीचा हात डाव्या बाजूला लागत असणार." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वकिलीचे सगळे कागद ते स्वतःच लिहीत."

आता हे हत्यार मुळात असं आखूड का झालं ते सांगायला हवं, कारण रूप त्यातून आलं आहे. बर्मिंगहॅमच्या वेब्लीनं १८७२ साली 'ब्रिटिश बुलडॉग' काढलं: पाच गोळ्या, अडीच इंची नळी, आणि बोअर मात्र जाडजूड .४४२ किंवा .४५०. घोडदळाच्या सैनिकाला कमरेला लांब हत्यार चालायचं. पण आगगाडीनं फिरणारा व्यापारी, रात्री पैसे घेऊन परतणारा कारकून, यांना कोटाच्या खिशात मावेल असं हवं होतं. बेल्जियममधल्या लिएजच्या कारागिरांनी बुलडॉगच्या असंख्य नकला केल्या. जुन्या वाड्यांमधून आजही जे निघतं त्यात खऱ्या वेब्लीपेक्षा लिएजची नक्कलच मी जास्त पाहिली. ओळखायची खूण सोपी आहे. सिलिंडरवर लंबगोलात ई, एल, जी ही रोमन अक्षरं असतात, आणि १८९३ नंतरच्या शिक्क्यावर मुकुटही असतो.

अमेरिकेत स्मिथ अँड वेसननं १८८७ साली घोडा, म्हणजे मागून आपटणारा हातोडा, आत लपवलेलं 'सेफ्टी हॅमरलेस' आणलं. मुठीच्या मागची पट्टी दाबल्याशिवाय ते उडत नाही, म्हणून तिकडे लोक त्याला लिंबू पिळायचा चिमटा म्हणू लागले. त्यानंतरचं १८९६ चं मॉडेल तुमच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं. कंपनीचं बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं ते पहिलं रिव्हॉल्व्हर, आणि त्याच्यासोबत आलं बत्तीस लाँग हे काडतूस. तुमच्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर त्याच घराण्यातलं आहे. कानपूरला आज जी सरकारी बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हरं बनतात, २०१४ सालचं पाचशे ग्रॅमचं 'निर्भीक' धरून, ती हेच काडतूस खातात. सव्वाशे वर्षांहून जुन्या नमुन्याचं काडतूस पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात तयार होतं आणि तुमच्या घरातल्या हत्यारात बसतं. जुन्या वस्तूंच्या शौकात असं भाग्य क्वचित लाभतं.

'डिटेक्टिव्ह स्पेशल' हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. कोल्टनं ते १९२७ साली बाजारात आणलं: दोन इंची नळी, सहा गोळ्या, अडतीस स्पेशल काडतूस. त्याआधी कोल्टमधल्याच जॉन फिट्झगेराल्ड या निष्णात माणसानं मोठ्या रिव्हॉल्व्हरांची नळी छाटून, घोड्याचं मागचं टोक कापून, चापाच्या कड्याचा पुढचा भागही काढून खिशातली हत्यारं बनवली होती. उघड्या चापाची ती कल्पना मला कधी पटली नाही. खिशातली किल्लीही अडकू शकते. कंपनीनं मात्र नळी आखूड केली आणि कडं शाबूत ठेवलं, हे शहाणपण. १९५० साली स्मिथ अँड वेसननं पाच गोळ्यांचं आणखी लहान रिव्हॉल्व्हर अमेरिकेतल्या पोलीसप्रमुखांच्या अधिवेशनात दाखवलं आणि त्याचं नाव 'चीफ्स स्पेशल' पडलं. आपल्याकडच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठावर टोपीवाल्या गुप्तहेराच्या हातात जे बुटकं रिव्हॉल्व्हर काढलेलं असायचं, ते या दोघांपैकीच एकाचं चित्र.

या पाच गोळ्यांच्या सिलिंडरात एक गंमत आहे आणि ती मला फार आवडते. सिलिंडर जागेवर धरायला खालून एक लहान खुंटी वर येते आणि सिलिंडरच्या खाचेत बसते. सहा घरं असली की वर एक घर आलं की बरोबर खाली दुसरं घर येतं, म्हणजे खाच नेमकी घराच्या पातळ भिंतीवर पडते, म्हणून ती जराशी बाजूला सरकवावी लागते. पाच घरं असली की वर घर आलं तरी खाली दोन घरांमधला जाड भाग येतो. खाच तिथे बसते, भिंत अबाधित राहते. एक गोळी कमी केल्यानं सिलिंडर बारीकही झालं आणि त्या जागी बळकटही राहिलं.

लहान जागेत यंत्र बसवायचं तर चूक लपवायला जागा राहत नाही. मोठ्या रिव्हॉल्व्हरात केसभर ढिलाई चालून जाते, इथे नाही. म्हणून जुन्या कारखान्यांत हे भाग माणसं हातानं कानशीनं घासून एकमेकांत बसवत. तुमच्या रिव्हॉल्व्हरची उजवी बाजू पाहा. तिथे एक वेगळी झाकणपट्टी आहे, पण तिची सांध नखाला लागणार नाही. ती उघडायची माझ्या आजोबांनी शिकवलेली रीत अशी: स्क्रू काढायचे, ते जिथले तिथे क्रमानं ठेवायचे, आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं सांगाड्यावर हलके हलके ठोकायचं. पट्टी आपोआप वर येते. स्क्रूड्रायव्हरचं पातं घालून तिला उचकटणारा माणूस दिसला की आपलं हत्यार परत मागून घ्या, कारण सांध एकदा चेपली की ती कायमची.

कोल्ट आणि स्मिथ यांचे स्वभाव वेगळे आहेत. कोल्टचं सिलिंडर घड्याळाच्या दिशेनं फिरतं, स्मिथचं उलट. कोल्टचं बटण मागे ओढायचं, स्मिथचं पुढे ढकलायचं. कोल्टमध्ये चाप पूर्ण दाबला की सिलिंडर तसूभरही हलत नाही, तिजोरीचं दार बंद झाल्यासारखं. पण त्या घट्टपणाचा सगळा भार सिलिंडर फिरवणाऱ्या एका बोटभर पट्टीवर येतो आणि ती झिजते. झिजली की घर नळीच्या समोर नेमकं यायच्या आधीच घोडा सुटण्याच्या बेतात येतो. स्मिथच्या सिलिंडरला पुढच्या टोकालाही कुलूप असतं आणि तो थोडा हलता असूनही जास्त वर्षं बिनतक्रार चालतो. सौंदर्याला मी कोल्टला झुकतं माप देईन. घरात पिढ्यानपिढ्या राहायचं असेल तर स्मिथ.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो, कारण तुमच्या घरी कुणीतरी हाच सल्ला देणार आहे. धंद्यात पडून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. एका गृहस्थांनी वडिलांचं कोल्ट पॉकेट पॉझिटिव्ह आणलं, अडीच इंची नळीचं. रंग उडाला होता, मुलाच्या लग्नाआधी "नवं करून द्या" म्हणाले. मी बफवर घासून, गरम टाकीत बुडवून त्याला आरशासारखं काळं करून दिलं. गृहस्थ खूश होऊन गेले. माझ्या वडिलांनी मात्र ते हातात घेऊन इतकंच विचारलं, "नळीवरचं नाव कुठे गेलं?" कोलकात्याच्या ज्या दुकानानं ते विकलं त्याचं नाव बारीक अक्षरांत कोरलेलं होतं. बफनं ते पुसलं होतं. कडा गोल झाल्या होत्या, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरली होती, मुठीखाली माणसाच्या तळव्यानं घडवलेली ती तपकिरी छटा नाहीशी झाली होती. पन्नास वर्षं मी एका दुपारात पुसून टाकली. त्यानंतर जुन्या रिव्हॉल्व्हरला पुन्हा ब्लूइंग करायचं, म्हणजे निळा-काळा रंग चढवायचं, काम मी कधीच घेतलं नाही. तुमच्या रिव्हॉल्व्हरचा रंग जिथे गेला आहे, तिथे तो गेलेलाच राहू द्या.

त्या कोरलेल्या नावांचं महत्त्व आपल्याकडे विशेष आहे. आर्मी अँड नेव्ही सोसायटीनं मुंबईत १८९१ साली शाखा काढली. कोलकात्याचे मँटन, रॉडा, लायन अँड लायन हे नामांकित व्यापारी नळीवर किंवा वरच्या पट्टीवर आपलं नाव कोरून घेत. इंग्लंडमार्गे आलेल्या परदेशी मालावर बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचे शिक्के पडत, प्रत्येक घरावर वेगळा, आणि बऱ्याचदा 'इंग्रजी बनावटीचं नाही' असा इंग्रजीतला ठसाही. अमेरिकन रिव्हॉल्व्हरवर असे ठसे असले तर ते कोणत्या वाटेनं हिंदुस्थानात आलं हे त्यावरच लिहिलेलं असतं. तुमच्याकडचं थेट आलं की इंग्लंडमार्गे, ते सिलिंडरची मागची बाजू पाहून सांगता येईल. शिवाय मुठीच्या तळाशी असलेला क्रमांक आणि उजव्या लाकडी पट्टीच्या आतला क्रमांक जुळतो का तेही पाहा. जुळला तर मूळची मूठ अजून जागेवर आहे. सिलिंडर उघडल्यावर आत दिसणारा वेगळा क्रमांक हा कारखान्यातल्या जुळणीचा असतो, तो परवान्यावर चुकून नोंदवला गेल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत. तेवढं आधीच तपासा, नूतनीकरणाच्या वेळी धावपळ होते.

सांभाळायचं कसं, याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. होल्स्टर कितीही सुंदर असलं तरी त्यात ठेवायचं नाही. चामडं पावसाळ्यातली ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार पोलादाला खातात. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून तिजोरीत ठेवा. तेल शिलाई मशीनचं चालेल, पण थेंबभर आणि पुसून घेतलेलं. खोबरेल कधीच नाही. आमच्याकडे डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल दगडासारखं थिजतं, तेच यंत्रात थिजलं की घोडा अर्ध्यावर अडकतो. घरोघरी मी हे पाहिलं आहे.

आणि खंडेनवमी. तुमच्याकडेही शस्त्रपूजा होत असेलच. कुंकू हे हळद आणि चुन्याचं, त्यात पाणी आणि ओल्या झेंडूच्या पाकळ्या. रात्रभर तसंच राहिलं तर सकाळी ब्लूइंगवर लाल-तपकिरी ठिपका उमटतो आणि तो पोलादात उतरलेला असतो. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे दरवर्षी अशी हत्यारं येतात. पूजा जरूर करा, फक्त खाली विड्याचं पान ठेवून गंध-फूल त्या पानाला वाहा. आमच्या घरी आजोबांपासून असंच चालत आलं आहे आणि देवीनं कधी रुसवा धरला नाही. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करावं लागतं तेव्हाही तीच काळजी घ्या. देण्याआधी तेलाचा पातळ हात द्या, बारकावे दिसतील असे फोटो काढा, पावतीवर क्रमांक नीट लिहून घ्या. जमलं तर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. एकदा माझ्याच एका रायफलीवर एका जमाखान्यात तीन महिन्यांत गंज चढला होता आणि कुणाला जबाबदार धरावं ते कळेना.

हाताळतानाच्या दोन सवयी सोडा. सिनेमातल्यासारखं मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करायचं नाही. त्यानं सिलिंडरचा हात वाकतो आणि घरं नळीसमोर येईनाशी होतात. आणि रिकाम्या हत्याराचा घोडा उगाच आपटत बसायचा नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे जुनं हत्यार खाली पडणं. कोल्टनं १९०५ पासून घोडा अडवणारी 'पॉझिटिव्ह' कळ बसवली, नावात तो शब्द आला तो त्यामुळेच. स्मिथनं अडतीस बोअरच्या हत्यारात खात्रीची कळ बसवली ती दुसऱ्या महायुद्धात एक हत्यार पडून नौसैनिक दगावल्यानंतर. १९५८ साली घेतलेलं तुमचं रिव्हॉल्व्हर बहुधा त्या पुढचं आहे. बुलडॉगच्या काळातल्यांना मात्र असलं काही नसतं, आणि काळ्या दारूसाठी बनलेल्या त्या हत्यारांत आजचं काडतूस घालणं म्हणजे हात गमावणं.

नेमाबद्दल तुमचं म्हणणं खरंच आहे. नळीच्या टोकावरची नेमाची माशी आणि मागची खाच यांच्यात शंभर मिलिमीटर अंतर असेल आणि जुळवताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर दहा मीटरवर गोळी शंभर मिलिमीटर, म्हणजे चार बोटांहून जास्त बाजूला जाते. हेच अंतर दीडशे असतं तर चूक सदुसष्टवर येते. शिवाय दोन इंची नळीत दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते, म्हणून भडका मोठा आणि वेग कमी. उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडीही आखूड, त्यामुळे एकदोन पुंगळ्या हमखास अडकतात. आखूड रिव्हॉल्व्हर चांगलं चालवणं हे नेमबाजीतलं अवघड काम आहे. घरात चोर शिरला तर उपयोगी पडेल, एवढ्याच विचारानं ते ठेवणार असाल तर माझं मत आईच्या बाजूनं आहे. देऊन टाका. उशाखाली भरलेलं रिव्हॉल्व्हर ठेवणाऱ्या घरातले अपघात मी फार जवळून पाहिले आहेत आणि त्यातला एकही चोराच्या बाबतीत घडला नव्हता.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, यांतलं जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच वारसाच्या नावे ते देण्याची प्रक्रिया सुरू करू शकतो. तुमच्या वडिलांकडे पंचवीस झाली असतील तर श्रावणाची वाटही पाहायला नको. कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, वारशानं आलेलीही त्यात मोजली जातात, आणि परवान्याची मुदत तीनावरून पाच वर्षं झाली. बत्तीस बोअर सामान्य परवान्यात बसतं. अडतीस हा प्रतिबंधित बोअर आहे, म्हणून डिटेक्टिव्ह स्पेशलचा हट्ट आपल्या देशात मनातच ठेवावा. शंभर वर्षं झाली की परवाना लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. सूट मिळते ती जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, पण दुरुस्त करूनही उडू न शकणाऱ्या हत्याराला. तुमचं व्यवस्थित उडतं, त्यामुळे परवाना लागणारच.

परदेशी हत्यारांची सामान्य आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यात थांबली, म्हणून जे आहे तेवढंच आहे आणि त्याला भाव आहे. या भावाचा मोह काय करायला लावतो तेही मी पाहिलं. चार इंची नळी कापून दोन इंची करून आणलेलं एक रिव्हॉल्व्हर मला दाखवलं गेलं होतं. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे, आणि ते लपतही नाही. नळीवरची अक्षरं मधोमध राहत नाहीत, माशी चिकटवलेली दिसते, तोंडाची गोलाई हातकानशीची असते. मी हात लावला नाही. आमच्याकडच्या कट्ट्याचीही, म्हणजे गावठी पिस्तुलाचीही, नळी आखूडच असते, म्हणून कुणी त्याला याच्या पंगतीत बसवू लागला तर मला राग येतो. पाण्याच्या पाइपातून केलेला तो जुगाड धरणाऱ्याच्याच हातात फुटतो.

भाव वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रक्ताचा इतिहास. १९६३ साली जॅक रुबीनं केनेडींच्या खुनाचा आरोप असलेल्या ऑस्वाल्डला ज्या कोल्ट कोब्रानं मारलं, ते १९९१ साली लिलावात २,२०,००० डॉलरला गेलं. मला तो भाव समजतो, पण ते हत्यार मी फुकटही घेणार नाही. पासष्ट वर्षांत एकाही माणसावर न रोखलं गेलेलं, फक्त एका कमरेला घासून झिजलेलं तुमच्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर मला त्याहून मोलाचं वाटतं. माझं मत विचाराल तर ते नावावर करून घ्या, हाताळणीचं प्रशिक्षण घ्या, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा आणि त्या कुलपाची किल्ली आईकडे द्या. त्या मग विरोध करणार नाहीत असं मला वाटतं.

आता फोटोंबद्दल. दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोत घामाचे काळे खड्डे उजव्या बाजूला दिसतात, झाकणपट्टीवर आणि सिलिंडरच्या मागे. डावी बाजू घासून लख्ख आहे. उजव्या कमरेला लावणाऱ्याचं हत्यार बरोबर याच्या उलट असायला हवं. तुमचे आजोबा डावखुरे होते का? वडिलांना विचारा आणि मला कळवा.